बापाची टोपी

(खानदेशातल्या तरुणांच्या एका अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललं तसंच ठेवलं आहे.)



आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेतले दोघं-तिघं हसले. ‘फ्रॉईड : आई, बाप आणि मूल.’ एकानं तर तोंडावरच विचारलं, गावात आपल्या वस्तीचं पाणी तोडतात आणि तुम्ही इथं आईच्या पदराचं काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. भाषण संपायच्या आत उत्तर देतो. नाही दिलं तर खाली उतरवा.

आधी माझ्या घरातली गोष्ट. माझा बाप केळीच्या बागेत सालदार होता. घरात वाघ. त्याचा खोकला ऐकू आला की आम्ही पोरं भिंतीला चिकटायचो, माय चुलीपुढं अंग चोरायची. एका दुपारी मी त्याची भाकर घेऊन बागेत गेलो. मालकाचा पोरगा, माझ्याच वयाचा, नऊ-दहा वर्षांचा, बापाला नुसत्या नावानं हाक मारत होता. आणि माझा वाघ वहाणा हातात घेऊन ‘हो दादा, आलो दादा’ करत धावत होता. त्यानं मला पाहिलं. मी त्याला पाहिलं. दोघांनीही मान खाली घातली.

त्या रात्री भाजीत मीठ कमी म्हणून त्यानं मायला मारलं. मीठ कमी नव्हतं. मी जेवलो होतो, मला माहीत आहे.

त्या रात्री मी मनातल्या मनात बापाला मारून टाकलं. पुढं कैक वर्षं मी समजत होतो, मायला मारलं म्हणून मला त्याचा राग आला. अर्ध खरं होतं ते. उरलेलं अर्ध दुपारी बागेत घडलेलं होतं आणि ते मी स्वतःपासूनही लपवलं होतं. माणूस स्वतःपासून काय काय लपवतो, याचाच अभ्यास म्हणजे मनोविश्लेषण. ते फक्त कोचावर पैसे मोजून झोपणाऱ्या पांढरपेशांसाठी आहे असं कोण म्हणतो?

आता फ्रॉईड. व्हिएन्नाचा डॉक्टर, जन्मानं ज्यू. 1896 साली त्याचा बाप वारला. वर्षभरानं, 1897 च्या ऑक्टोबरात, त्यानं एका मित्राला पत्र लिहिलं : माझ्या लहानपणी मला आईबद्दल ओढ आणि बापाबद्दल मत्सर होता, आणि आता वाटतं हे सगळ्यांच्याच बालपणात असावं. 1900 साल छापलेल्या स्वप्नांवरच्या ग्रंथात त्यानं ते जगापुढं मांडलं. ‘ईडिपस गंड’ हे नाव 1910 पासूनचं.

सिद्धांत सोप्या भाषेत असा. तीन ते पाच वर्षांचं पोर आईला आपली मालमत्ता समजतं. कुशीत मीच झोपणार, घास मलाच. यात मोठ्या माणसाची वासना शोधू नका. पोराची इच्छा पोराएवढीच असते, पण ती हट्टी असते. मध्ये येतो बाप. तो वाटेकरी आहे, आणि ताकदवान आहे. पोराला वाटतं हा नसता तर बरं. लगेच भीती वाटते, याला कळलं तर हा मलाच छाटून टाकेल. या कोंडीतून पोर तह करतं. बापाला हरवता येत नाही तर बापासारखं व्हायचं. तो बापाला आत घेतो. आत बसलेला हा बाप जन्मभर दटावत राहतो, हे कर, ते करू नको. त्यालाच आपण सदसद्विवेक म्हणतो. आणि हा सगळा व्यवहार नेणिवेत, म्हणजे आपल्याला पत्ता न लागता होतो.

ईडिपस हा सोफोक्लीसच्या ग्रीक नाटकातला राजा. नकळत बापाला मारतो, नकळत आईशी लग्न करतो. गोष्ट सगळे इथूनच सांगतात. तिची सुरुवात गाळतात. सुरुवात अशी की बापानं, लायस राजानं, भविष्यवाणीला घाबरून तान्ह्या पोराचे पाय टोचून त्याला डोंगरावर टाकून द्यायला लावलं. ईडिपस या नावाचा अर्थच सुजलेल्या पायाचा. पहिला वार बापाचा होता.

आपल्याकडच्या पुराणांत तर पोराला उलट वार करायचीही मुभा नाही. ययाती आपलं म्हातारपण पोराच्या अंगावर टाकतो आणि पुरू ते मुकाट घेतो. ए. के. रामानुजन यांनी आपल्याकडच्या ईडिपसावर निबंध लिहिला, त्यात हेच दाखवलं, की इथल्या कथांत बहुधा बापच मुलावर मात करतो. आणि एकलव्य? निषादाचं पोर. गुरूला बाप मानतो, त्याचा मातीचा पुतळा करतो, आणि तो गुरू मागतो तेव्हा स्वतःच्या हातानं अंगठा कापून देतो. फ्रॉईडच्या पोराला छाटलं जाण्याची नुसती भीती वाटते. आपल्या पोरानं ती छाटणी गुरुदक्षिणा म्हणून केली, आणि व्यवस्था हजारो वर्षं त्याला आदर्श शिष्य म्हणते आहे. हा मातीचा पुतळा लक्षात ठेवा. शेवटी परत येणार आहे.

फ्रॉईडच्याच ग्रंथात एक आठवण आहे. माझ्या मते ती सगळ्या सिद्धांतापेक्षा मोठी आहे. तो दहा-बारा वर्षांचा असताना बापानं त्याला फिरायला नेलं आणि आपल्या तरुणपणची गोष्ट सांगितली. शनिवारी चांगले कपडे, डोक्यावर नवी केसाळ टोपी घालून बाप रस्त्यानं चालला होता. समोरून एक ख्रिस्ती माणूस आला. त्यानं एका फटक्यात टोपी चिखलात उडवली आणि ओरडला, ज्यूड्या, फुटपाथवरून खाली हो. पोरानं विचारलं, मग तुम्ही काय केलं? बाप शांतपणे म्हणाला, रस्त्यावर उतरलो आणि टोपी उचलली.

पोराला हे झेपलं नाही. हात धरून चालणारा हा धिप्पाड माणूस, आणि त्यानं टोपी उचलली? तेव्हा त्यानं मनातल्या मनात बाप बदलला. हॅनिबलचा बाप घेतला, ज्यानं मुलाकडून रोमन लोकांचा सूड घ्यायची शपथ घेतली होती.

साथींनो, ही टोपी आपण ओळखतो. आपल्या बापांच्या डोक्यावर ती होती, हातात वहाणा होत्या, त्यांच्या बापांच्या गळ्यात मडकं होतं. फ्रॉईडनं सिद्धांतात त्रिकोण काढला : आई, बाप, मूल. पण त्याच्या स्वतःच्या आठवणीत चौथा माणूस आहे, टोपी उडवणारा. सिद्धांत लिहिताना तो दाराबाहेर राहिला. आपल्या घरात मात्र चौथा कायम हजर असतो. मालक, पाटील, मुकादम, सावकार. बाप बलवान म्हणून फ्रॉईडचं पोर त्याला भितं. आपलं पोर दुपारी बापाला वाकलेला पाहतं आणि रात्री त्याच बापाचा मार खातं. एकाच माणसाची भीती आणि कीव एकदम येते. मग त्याच्यासारखं व्हायचं तरी कशाला? आत घ्यायचा तो कोणता बाप? वाकलेला की मारणारा? पुष्कळदा पोर दोघांनाही टाकतं आणि मालकालाच आत घेतं. मग आतून जो आवाज दटावतो तो मालकाचा. तूच घाण, तूच कमी. न्यूनगंड म्हणतात तो हाच.

फ्रान्झ फॅननला हे दिसलं होतं. मार्टिनिक बेटावरचा हा काळा मनोविकारतज्ज्ञ. 1952 च्या पुस्तकात त्यानं स्पष्ट लिहिलं, की आमच्या बेटांवर ईडिपसनं आजारी पडलेला माणूस सापडणं मुश्कील. काळं पोर घरात ठीक वाढतं, गोऱ्या जगाशी गाठ पडली की बिघडतं. मी फॅननच्या एक पाऊल मागं थांबतो. आपलं पोर घरात ठीक वाढतं असं मला म्हणवत नाही. कारण ते गोरं जग आपल्या घरात संध्याकाळी बापाच्याच हातानं शिरतं.

आता मराठीतली आई. त्यासाठी लांब जायला नको. जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरात प्रताप हायस्कूलमध्ये 1924 ते 1930 साने गुरुजी मास्तर होते. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिलं. 1953 साली अत्र्यांनी त्यावर सिनेमा काढला, त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांची आई या पुस्तकानं घडवली. मनोविश्लेषण करणाऱ्यानं वाचावं असं पुस्तक आहे. सारं प्रेम, सारी शिस्त, सारा सदसद्विवेक आईकडून. पोहायला जात नाही म्हणून मारणारीही तीच. बाप आहे, पण कर्जात बुडालेला. सावकाराचा माणूस घरात येऊन अपमान करतो आणि त्याला सुनावते ती आई. म्हणजे चौथा माणूस कोकणातल्या त्या ब्राह्मण घरातही शिरलेला आहे. हे आपण प्रामाणिकपणे कबूल करू.

पण त्याच पुस्तकात मोळीचा प्रसंग आहे. एक म्हातारी महार बाई, लाकडाची मोळी पडलेली, उचलून द्यायला कुणी नाही. श्यामची आई त्याला सांगते, जा, मोळी उचलून दे, आणि घरी येऊन आंघोळ कर. गुरुजींनी हे दयेचं उदाहरण म्हणून लिहिलं. त्या काळी ते धाडसच होतं, आणि गुरुजींनी 1947 साली पंढरपूरचं मंदिर खुलं व्हावं म्हणून प्राण पणाला लावले, हेही विसरायचं नाही. पण मला वाचताना दुसराच प्रश्न पडतो. त्या म्हातारीलाही पोर असेल. त्याची आई कोण? श्यामची आई शिवल्यावर धुऊन टाकायला सांगते, ती त्याची आई. श्यामला आईच्या पदरात जग मिळालं. त्या पोराला आईच्या पदराबरोबर जगाचा विटाळ मिळाला. दोघांचं बालपण एकाच सिद्धांतात कसं बसवणार?

तिची गोष्ट सांगायला बाबुराव बागूल यावे लागले. त्यांची ‘आई’ नावाचीच कथा वाचा. शाळेत आईवरची कविता शिकवतात, आणि पांडूला त्याच्या विधवा आईवरून पोरं टोमणे मारतात. मुकादमाचं नाव तिच्याशी जोडलेलं. पोराचं आईवर जिवापाड प्रेम, आणि त्याच आईचा असह्य द्वेष. तरुण बाई, पोट, एकटेपण, आणि मुकादमाची सत्ता. ईडिपस शोधायला ग्रीसला कशाला जायचं? फक्त इथं आई आणि मुलाच्या मध्ये बाप उभा नाही, मुकादम उभा आहे. त्यानंतर शरणकुमार लिंबाळे, 1984 चं ‘अक्करमाशी’. आई महार, बाप पाटील. ईडिपसला आपला बाप कोण ते माहीत नव्हतं. इथं पोराला माहीत आहे, साऱ्या गावाला माहीत आहे, पण बाप कबूल होत नाही, आणि शाळेत नाव काय लावायचं हा प्रश्न पोरानं सोडवायचा.

आणि पोरी? मी मघापासून पोर पोर म्हणतोय, तो मुलगाच आहे. आपल्या अहिराणीत मुलगा आंडोर आणि मुलगी आंडेर, एका काडीचा फरक. फ्रॉईडला आंडेर कळली नाही, आणि 1926 साली त्यानं तशी कबुलीही दिली. आपल्याला कळली का? आपण तर कबुलीही देत नाही. बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ वाचा. बाप आईला घरात कोंडून ठेवायचा आणि त्यात त्याला मोठेपणा वाटायचा, हे लेकीनं लिहून ठेवलं आहे. आणि हे लिखाण बेबीताईंनी वर्षानुवर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवलं. बाप नाही तर नवरा. जातीनं बापाची टोपी उडवली हे खरं. पण ती उचलून आल्यावर त्यानं मायवर हात उगारला, तो हात त्याचा होता. जातीच्या नावावर ती पावती फाडता येणार नाही. माझ्या बापाचीही नाही. माझीही नाही.

मग सुटायचं कसं? बाबासाहेबांच्याच बालपणाकडं जाऊ. त्यांना आपण फोटोत पाहतो, पोर म्हणून कधी पाहत नाही.

आई लहानपणीच गेली. आत्यानं वाढवलं. सुभेदार रामजींनी दुसरं लग्न केलं. धनंजय कीरांच्या चरित्रात आहे, की आपल्या आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून भीमाचं डोकं फिरायचं. बापाच्या पैशावर जगायचं नाही असं ठरवलं. मुंबईला गिरणीत कामाला जायचं, तर भाड्याला पैसे हवेत. तीन रात्री आत्याच्या कनवटीची पिशवी काढायचा प्रयत्न केला. चौथ्या रात्री हाती लागली, तर आत अर्धा आणा! त्या रात्री त्या पोरानं ठरवलं, अभ्यास करायचा. बापावरचा राग जिरला नाही, त्याला कामाला लावलं.

1901 सालची गोष्ट बाबासाहेबांनी स्वतः लिहिली आहे. बाप गोरेगावला खजिनदार. सुट्टीत पोरं त्याच्याकडं निघाली. मसूर स्टेशनवर उतरली. बापाचा माणूस न्यायला आलेला नाही, कारण पत्र बापापर्यंत पोचलंच नव्हतं. वाट पाहून पोरं थकली. जात कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, आणि अट अशी की बैलगाडी पोरांनी हाकायची, गाडीवान बाजूनं चालणार. रात्रभर पाणी मिळालं नाही. बाप आला नाही हे दुःख, आणि बाप का आला नाही हे विचारण्याच्या आत बाहेरच्या चौथ्यानं घातलेला घाव. दोन्ही एकाच रात्री.

आणि तिसरी गोष्ट. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’साठी 1956 साली लिहिलेल्या प्रस्तावनेत आहे. रामजी घरात रामायण-महाभारत वाचायला लावत. भीमानं विचारलं, ज्या ग्रंथांत शूद्रांना आणि अस्पृश्यांना हीन लेखलंय ते का वाचायचे? रामजींचं उत्तर होतं : आपण अस्पृश्य, आपल्यात न्यूनगंड यायचा. द्रोण, कर्ण बघ, लहान माणसं किती उंच गेली. मुलाचं समाधान झालं नाही. त्यानं बापाला तोंडावर सांगितलं, मला भीष्म आवडत नाही, द्रोण आवडत नाही, कृष्ण आवडत नाही. बाप गप्प झाला. चिडून वहाण काढली नाही. ज्या बापानं पोराचा प्रश्न ऐकून घेतला त्याच्या घरात बाबासाहेब घडले. एकलव्यानं द्रोणाला अंगठा दिला, भीमानं द्रोणच नाकारला. बापाला मारायचं नाही, बापापुढं अंगठाही कापायचा नाही. बापाशी वाद घालायचा. हीच आपली वाट.

आता आपल्या खानदेशात या. 1929. सरकारी समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब खानदेशात फिरले. धुळ्याच्या लाइनीवरच्या एका गावी बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. लोकांनी हार घातले. महारवाडा दोनेक मैलांवर, चालत जाण्यासारखा. तरी तासभर थांबवून ठेवलं, मग टांगा आला. थोडं पुढं जाताच मोटारीशी टक्कर होता होता वाचली. नदीवरच्या पुलावर चाक दगडाला लागलं. बाबासाहेब फरशीवर आदळले, बेशुद्ध झाले, पाय मोडला. टांगा आणि घोडा नदीत.

नंतर कळलं ते असं. अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला टांगेवाले तयार नव्हते. आणि बाबासाहेबांनी पायी यावं हे आपल्या माणसांना सहन होईना. तडजोड झाली : टांगा भाड्यानं घ्या, हाका तुम्हीच. ज्यानं लगाम धरला त्यानं आयुष्यात टांगा हाकलेला नव्हता. मसूरची बैलगाडी अठ्ठावीस वर्षांनी पुन्हा समोर आली. बाबासाहेबांनी लिहिलं आहे, माझी इभ्रत राखायला त्यांनी माझा जीव धोक्यात घातला. त्यात राग कमी, दुःख जास्त आहे.

साथींनो, तो टांगा आपण अजून हाकतो आहोत. 1913 च्या पुस्तकात फ्रॉईड म्हणतो, आदिम टोळीतली पोरं मिळून बापाला मारतात, मग पस्तावून त्याची पूजा करतात आणि त्याच्या जागेसाठी एकमेकांकडं संशयानं बघतात. आपण बाप मारला नाही. आपला बाप 6 डिसेंबर 1956 ला गेला आणि आपल्याला पोरकं करून गेला. पण बाकीचं सगळं आपण केलं. 1957 ला रिपब्लिकन पक्ष झाला आणि फुटत गेला. 1972 ला पँथर झाली, 1974 ला फुटली. प्रत्येक भाऊ म्हणतो खरा वारस मी. प्रत्येकाकडं पुतळा आहे, जयंतीला मोठ्या आवाजाचा डीजे आहे. पुस्तक उघडून बाबासाहेबांना प्रश्न विचारणारा आंडोर किती, आंडेर किती? तुम्ही सांगा. पुतळा केला की वाद घालता येत नाही. एकलव्याला विचारा.

आता मागच्या रांगेतल्या साथीला उत्तर. पाणी तोडणाऱ्याशी लढायचंच आहे. पण तो राग वाटेत खर्च होतो. बापावर, मायवर, बायकोवर, शेजारच्या गटातल्या भावावर. वेशीपर्यंत पोचतो तेव्हा त्यात दम राहत नाही. मालकाला तेच हवं असतं. म्हणून रागाचा पत्ता नीट लिहायला शिका, म्हणजे तो जिथं जायचा तिथंच जाईल. मनोविश्लेषण आपल्याला एवढ्यासाठीच हवं.

माझा बाप गेला तेव्हा मी त्याच्याशी बोलत नव्हतो. बागेतल्या त्या दुपारबद्दल मी त्याला कधीच विचारलं नाही. त्याची वहाण हातात होती तेव्हा त्याच्या मनात काय होतं, मला कळलं असतं तर मायच्या बाजूनं मी त्याच्याशी नीट भांडलो असतो. मुकाट द्वेष केला नसता.

तुमचे असतील तर आज घरी जा. बापाला विचारा, तुझी टोपी कुठं पडली होती? मायला विचारा, तो टोपी उचलून आला त्या रात्री काय झालं? उत्तर ऐकून घ्या, मग वाद घाला. आणि टांगा हाकायला शिका.

जय भीम.